रुग्णालयातली व्हीआर थेरपी: रुग्ण आणि नातेवाईक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी रुग्णालयात मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. भाजलेल्या रुग्णांचं ड्रेसिंग चालू असताना, आणि उंची, गर्दी, बंद जागा यांची भीती घेऊन आलेल्या माणसांसोबत, मी व्हर्च्युअल रिॲलिटीचा म्हणजे व्हीआरचा हेडसेट वापरते. या कामात ठरावीक प्रश्न रोज कानावर येतात. काही कुतूहलाचे, काही काळजीचे, काही उघड अविश्वासाचे. सगळेच रास्त आहेत. उत्तरं जमतील तितकी सरळ लिहिली आहेत.

व्हीआर थेरपीत नेमकं काय करतात?

डोक्याला पट्ट्याने बसवायचा, डोळे पूर्ण झाकणारा हेडसेट असतो. आत दोन लेन्स आणि त्यांच्यामागे पडदा. दोन डोळ्यांना किंचित वेगवेगळं चित्र दिसतं, म्हणून समोरच्या दृश्याला खोली येते. मान वळवली की दृश्यही त्याच क्षणी वळतं. यातलं 'त्याच क्षणी' फार महत्त्वाचं. चित्र मागे रेंगाळलं तर पोट ढवळतं. रेंगाळलं नाही, तर थोड्याच वेळात शरीर त्या जगाला खरं धरून वागू लागतं. आपण दवाखान्यातल्या खुर्चीत बसलोय हे माणसाला पक्कं ठाऊक असतं, तरी गच्चीच्या कठड्याशी पायाची बोटं आखडतात आणि तळहात ओले होतात. डोक्याला माहीत आहे पण अंगाला पटत नाही, या फटीत आमचं सगळं काम चालतं.

डोक्यावर चढवायचा असा पडदा अमेरिकेत इव्हान सदरलँड यांनी १९६८ मध्येच बनवला होता. तो इतका जड होता की छताला टांगावा लागे. उपचारासाठी वापर १९९० च्या दशकात सुरू झाला, तोही मोजक्या विद्यापीठांत, कारण यंत्रणा महागडी आणि अवजड होती. २०१६ च्या सुमारास घरगुती वापराचे हेडसेट बाजारात आले आणि प्रयोगशाळेतली ही वस्तू वॉर्डातल्या ट्रॉलीवर येऊन बसली.

म्हणजे हा गेमच झाला ना?

साधन तेच, काम वेगळं. गेम तुम्हाला जास्तीत जास्त वेळ आत ठेवण्यासाठी बनवलेला असतो. उपचारात आधी ठरतं की या माणसाला आज काय जमायला हवं, मग त्यासाठी दृश्य निवडलं जातं, आणि ते जमलं की हेडसेट उतरवला जातो. काही दृश्यं गेमसारखी दिसतात, आणि दिसू देत. दुखणाऱ्या माणसाला थोडी मजा वाटली म्हणून उपचाराचा दर्जा खालावत नाही.

वेदना खरंच कमी होते, की नुसता विसर पडतो?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अमेरिकेतल्या सिएटल शहरात हार्बरव्ह्यू रुग्णालयात भाजलेल्यांसाठी मोठा विभाग आहे. तिथे वॉशिंग्टन विद्यापीठाचे हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एक कल्पना लढवली. भाजलेल्या माणसाला ड्रेसिंगच्या वेळी आगीची आठवण येते, तर त्याला बर्फात न्यायचं. त्यांनी 'स्नोवर्ल्ड' नावाचं जग तयार केलं. बर्फाळ दरीतून रुग्ण हळूहळू पुढे सरकतो, आणि वाटेत दिसणाऱ्या बर्फाच्या माणसांवर, पेंग्विनांवर बर्फाचे गोळे फेकतो. भाजण्याची वेदना औषधाने आवरते ती पडून असताना. पट्ट्या बदलताना, जखम धुताना, आखडलेला सांधा ताणताना ती औषधाला पुरती दाद देत नाही. तिथेच हा प्रयोग झाला आणि रुग्णांनी वेदनेला दिलेले आकडे खाली आले.

पुढे २००४ मध्ये याच गटाने निरोगी स्वयंसेवकांच्या पायाला सोसेल इतका चटका देत त्यांच्या मेंदूचा एमआरआय घेतला. व्हीआर चालू असताना मेंदूतल्या वेदनेशी संबंधित पाच भागांची सक्रियता कमी झालेली दिसली. तेव्हा 'नुसता विसर' म्हणून हे उडवून लावता येत नाही. वेदना जाणवायलाही लक्ष लागतं. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्येच मांडलं होतं की वेदनेचा संदेश शरीराकडून मेंदूकडे सरळ तारेसारखा जात नाही. वाटेत जणू एक दार असतं, आणि ते किती उघडायचं यात मनाचाही हात असतो. व्हीआर लक्षाचा मोठा वाटा स्वतःकडे ओढून घेतं, मग वेदनेच्या वाट्याला कमी उरतं.

एक प्रसंग सांगते. हाताला भाजलेला एक तरुण ड्रेसिंगच्या वेळी मोठ्याने आकडे मोजायचा. एक, दोन, तीन करत दोनशेपर्यंत, दात आवळून. हेडसेट लावला त्या दिवशी सिस्टरनी पट्टी सलाईनने भिजवली आणि कडेकडेने सोडवायला घेतली. पंधराच्या पुढे त्याचं मोजणं बंद पडलं. दंडापासून मनगटापर्यंत काम शांतपणे झालं. बोटांच्या बेचक्यांपाशी आल्यावर मात्र कळ थेट आतपर्यंत पोहोचली. त्याने दुसऱ्या हाताने हेडसेट ओढून काढला आणि उरलेलं ड्रेसिंग पुन्हा आकडे मोजत पार पाडलं. मला हे दोन्ही भाग सारखेच महत्त्वाचे वाटतात. मनगटापर्यंतचा आराम खरा होता, आणि बेचक्यांतली कळही.

म्हणून वेदनाशामक बंद करून त्याजागी हेडसेट द्यायचा नसतो. औषध आणि व्हीआर एकत्र दिल्यावर एकट्या औषधापेक्षा जास्त आराम पडतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. कोणी 'आता इंजेक्शन नको, चष्मा पुरे' म्हणत असेल तर त्याला थांबवा.

भीतीवर कसा उपयोग होतो? भीती वाटते तेच दाखवून भीती वाढणार नाही का?

एकदम दाखवलं तर वाढेल. थोडं थोडं, आणि थांबायची मुभा ठेवून दाखवलं तर उतरते. ही पद्धत व्हीआरच्या कितीतरी आधीची आहे. भीतीच्या पायऱ्या करायच्या, खालच्या पायरीवर जीव स्थिरावेपर्यंत थांबायचं, मग वर चढायचं. अडचण नेहमी व्यवहाराची असायची. विमानाची भीती असणाऱ्याला दर आठवड्याला विमानात कोण बसवणार? वादळ मागवून कसं आणणार? १९९५ मध्ये बार्बरा रोथबाम, लॅरी हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंचीच्या भीतीवर व्हीआर वापरून पाहिलेला अभ्यास छापला, आणि ही अडचण सुटू शकते हे दिसलं. व्हीआरमध्ये तिसऱ्या मजल्यावर वीस मिनिटं उभं राहता येतं, लिफ्ट पुन्हा खाली आणता येते, कठडा उंच करता येतो, नाहीसाही करता येतो. भीतीची मात्रा थेंबाथेंबाने वाढवायची सोय इतकी हातात पूर्वी कधीच नव्हती.

माझ्याकडे आलेल्या एका बाईंना बहिणीच्या नवव्या मजल्यावरच्या घरी जाणं अशक्य झालं होतं. आम्ही आभासी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यापासून सुरुवात केली. शून्य म्हणजे काहीच नाही आणि शंभर म्हणजे असह्य, अशी पट्टी असते. त्यांनी 'ऐंशी' म्हटलं. चार मिनिटांनी 'पन्नास'. इतक्या भरभर उतरलं म्हणून मला आनंद व्हायला हवा होता, पण त्यांना जे दिसतं ते माझ्या टॅबवरही दिसतं, आणि टॅबवर फक्त समोरच्या इमारतीच्या खिडक्या होत्या. त्यांनी एकदाही खाली पाहिलं नव्हतं. भीतीला त्यांनी बगल दिली होती, अगदी नकळत, जशी त्या एरवी दहा वर्षं देत आल्या होत्या. मी म्हटलं, "ताई, आता खालची झाडं किती आहेत ते मोजून सांगा." मान हळूहळू झुकली. आकडा पंच्याऐंशीवर गेला. खुर्चीच्या हातावरची त्यांची बोटं पांढरी पडली. सात झाडं होती. ती त्यांनी तीनदा मोजली, आणि तिसऱ्या वेळी आकडा चाळीस होता. हा चाळीस मला आधीच्या पन्नासापेक्षा कितीतरी मोलाचा वाटला.

यासाठीच शेजारी माणूस लागतो. भीती टाळण्याच्या युक्त्या माणूस हेडसेटच्या आतही घेऊन जातो.

माणसाशिवाय, आपोआप चालणारे उपचार नाहीत का?

आहेत, आणि काही चांगले आहेत. ऑक्सफर्डचे डॅनियल फ्रीमन यांच्या गटाने २०१८ मध्ये उंचीची भीती असलेल्या १०० जणांवर चाचणी केली. त्यात मार्गदर्शकही आभासीच होता. लोकांनी आभासी इमारतीच्या वरच्या मजल्यांवर झाडात अडकलेल्या मांजराला सोडवलं, कडेला उभं राहून वाद्य वाजवलं. सरासरी दोन तासांच्या एकूण उपचारात भीती सरासरी ६८ टक्क्यांनी कमी झाली. थेरपिस्ट जिथे मिळतच नाही तिथे ही मोठीच गोष्ट आहे. पण ती चाचणीही देखरेखीखाली झाली होती आणि माणसं आधी तपासून घेतली होती. घरी बसून एखादं ॲप उतरवणं म्हणजे हे नव्हे.

युद्ध, अपघात, हल्ला अशा मोठ्या आघातानंतरही व्हीआर वापरतात?

वापरतात. १९९० च्या दशकात व्हिएतनाम युद्धातल्या माजी सैनिकांसाठी आभासी हेलिकॉप्टर आणि जंगल तयार केलं गेलं. न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांवरच्या हल्ल्यानंतर जोॲन डिफेडे आणि हॉफमन यांनी एका वाचलेल्या व्यक्तीवर असा उपचार केल्याचं २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातले स्किप रिझो यांनी इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकांसाठी रस्ते, बाजार, वाहनांचे ताफे उभे केले, सोबत हादरणारी फळी आणि धुराचे वासही.

इथे मी फार सावध असते. २०१६ मध्ये १६२ सैनिकांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. व्हीआरने फायदा झाला, पण डोळे मिटून तोच प्रसंग पुन्हा पुन्हा सविस्तर सांगण्याच्या जुन्या पद्धतीपेक्षा तो जास्त नव्हता. काही महिन्यांनंतर पाहिलं तर जुनी पद्धतच सरस ठरली. आठवण माणसाची स्वतःची असते. तिच्यातली भिंत कोणत्या रंगाची होती हे यंत्राला माहीत नसतं. ज्यांना प्रसंग आठवताना काहीच जाणवत नाही, मन बधिर होतं, अशांसाठी व्हीआरचा विचार करावा, असं माझं मत आहे. आणि ते फक्त आघातावरच्या उपचारांत मुरलेल्या माणसाच्या हाताखाली.

ज्यांना भास होतात त्यांना आभासी जगात नेणं धोक्याचं नाही का?

शंका स्वाभाविक आहे, मलाही होती. फ्रीमन यांच्याच गटाची 'गेमचेंज' नावाची चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. सायकोसिस असलेले ३४६ रुग्ण त्यात होते. यातल्या अनेकांना आवाज ऐकू येतात, लोक आपल्यावर पाळत ठेवतात असं वाटतं, आणि त्यामुळे घराबाहेर पडणं बंद होतं. त्यांना आभासी बस, दुकान, कॅफे, डॉक्टरांची प्रतीक्षाखोली अशा साध्या जागांत उभं राहायचा सराव दिला गेला. ज्यांचं बाहेर पडणं जवळजवळ थांबलं होतं, त्यांनाच सर्वाधिक फायदा झाला. बसमध्ये चढून लोकांकडे पाहणं ही आपल्यासाठी गोष्टच नसते. त्यांच्यासाठी तो डोंगर असतो.

मात्र आजार उफाळलेला असताना, झोप नसताना, औषधं बदलत असताना हेडसेट लावायचा नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी होकार दिल्याशिवाय तर मुळीच नाही.

पक्षाघातानंतर हात चालायला लागेल का?

एकट्या व्हीआरने चमत्कार होत नाही. कोक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये ७२ चाचण्या आणि २,४७० रुग्णांची माहिती एकत्र तपासली. हाताच्या हालचालीसाठी नेहमीच्या व्यायामाऐवजी व्हीआर दिलं तर फरक पडला नाही. नेहमीच्या व्यायामात व्हीआरची भर घातली, म्हणजे एकूण सराव वाढला, तेव्हा फायदा दिसला. मेंदूत नवी वाट पडायला तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते, आणि कपाटाच्या फळीवर कप ठेवायची शंभरावी खेप माणसाच्या जिवावर येते. व्हीआरमध्ये फळं पकडायची असली की कंटाळा लांबतो. माझ्या फिजिओथेरपिस्ट सहकाऱ्याचा एक आग्रह मला पटतो. आभासी फळ हाताला जड लागत नाही, म्हणून प्रत्येक सेशनच्या शेवटी खरी वस्तू उचलायला द्यायचीच.

तोल जातो, पडायची भीती आहे. मग?

बसूनच करा. उभं राहून करायचं असेल तर कमरेला पट्टा आणि शेजारी माणूस. यात तडजोड नाही.

जुन्या कंबरदुखीवर व्हीआर दिल्याचं ऐकलं. ते काय आहे?

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, नोव्हेंबर २०२१ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी एका व्हीआर कार्यक्रमाला परवानगी दिली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, फक्त प्रौढांसाठी, इतर उपचारांच्या जोडीला. आठ आठवडे, रोज एक, अशी ५६ छोटी सेशन्स. १७९ जणांच्या चाचणीत या कार्यक्रमाच्या गटातल्या ६६ टक्के लोकांची वेदना ३० टक्क्यांहून अधिक कमी झाली. तुलनेसाठीच्या दुसऱ्या गटाला सपाट दृश्यं दाखवली, त्यांना त्रिमितीय खोली नव्हती आणि वेदना हाताळायचं शिकवणंही नव्हतं. तिथे हे प्रमाण ४१ टक्के होतं.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. नुसत्या सपाट दृश्यांनीही दहातल्या चौघांना बरं वाटलं. उरलेल्या फरकात, माझ्या मते, शिकवण्याचा वाटा मोठा असावा, म्हणजे श्वास, शरीर सैल सोडणं, वेदनेबद्दलचे विचार ओळखणं यांचा. ड्रेसिंगच्या वेदनेत लक्ष दुसरीकडे नेणं पुरतं, कारण ती अर्ध्या तासात संपते. वर्षानुवर्षांच्या दुखण्यात हेडसेट उतरवल्यावरही उरेल असं काहीतरी हाती लागावं लागतं.

कापलेल्या हाताच्या जागी वेदना होते, त्यावर काही आहे का?

आहे, आणि हा विषय मला फार जवळचा आहे. हात नाही, तरी त्याची मूठ इतकी घट्ट आवळलेली वाटते की नखं रुततात, असं माणसं सांगतात. घरच्यांना ते खरं वाटत नाही. ते खरं असतं. विलयनूर रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात साध्या आरशाने यावर उपाय शोधला. शाबूत हाताचं प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसतं, मेंदूला दोन्ही हात हलताना दिसतात, आणि काहींची ती आवळलेली मूठ सुटते. व्हीआर हाच आरसा पुढे नेतं. २०१६ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी हात गेलेल्या १४ जणांच्या उरलेल्या स्नायूंवर संवेदक लावून, त्यांच्याच स्नायूंच्या संदेशांवर पडद्यावरचा हात हलवला. इतर उपायांना दाद न दिलेली त्यांची वेदना सरासरी निम्म्याच्या आसपास उतरली. माणसं चौदाच होती हे विसरू नका. पण आरसा कोणालाही परवडतो, तेव्हा निदान तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

लहान मुलांना चालतं का?

सुई टोचताना, सलाईन लावताना, टाके काढताना मुलांना व्हीआर देतात आणि बरीच मुलं शांत राहतात. पुरावा अजून कच्चा आहे. कोक्रेनने २०२० मध्ये १७ चाचण्या पाहिल्या, त्यात हजाराच्या आसपास मुलं होती, आणि ठाम निष्कर्ष काढता येत नाही असं म्हटलं. माझा अनुभव असा की, मुलाला आधी खरं सांगितलं तरच हे जमतं. "टोचणार आहे, थोडं दुखेल, तोवर तू मासे शोध" असं सांगावं. हेडसेटच्या आडून फसवून टोचलं तर ते मूल पुढच्या वेळी हेडसेटलाच घाबरतं. काही मुलांना सुई डोळ्यांनी पाहायचीच असते. त्यांना पाहू द्यावं.

हेडसेट मोठ्यांच्या मापाचे असतात, डोळ्यांमधलं अंतरही त्यांच्याच हिशेबाने. म्हणून मुलांना अगदी थोडा वेळच. एक वेगळा उपयोगही आहे. ४ ते ७ वर्षांच्या मुलांच्या मंद दृष्टीच्या डोळ्यासाठी एफडीएने ऑक्टोबर २०२१ मध्ये एका उपचाराला परवानगी दिली. मूल हेडसेटमध्ये आवडीचे व्हिडिओ पाहतं आणि सबळ डोळ्याचं चित्र मुद्दाम फिकं केलेलं असतं, म्हणजे दुबळ्या डोळ्याला काम करावंच लागतं. तो अर्थातच नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्याने.

चक्कर, मळमळ होते का?

काहींना होते. कंबरदुखीच्या त्या चाचणीत साधारण दहातल्या एकाला मळमळ जाणवली आणि पाचातल्या एकाला हेडसेट बोचला. डोळे म्हणतात 'आपण चाललोय', कानातला तोलाचा अवयव म्हणतो 'आपण बसलोय', आणि या भांडणाची शिक्षा पोटाला होते. गाडी लागणाऱ्यांनी आधीच सांगावं. त्यांना मी स्थिर दृश्य देते, ज्यात जग हलत नाही, फक्त मान हलते. भरल्या पोटी येऊ नका, अगदी रिकाम्या पोटीही नको. घाम आला, जांभया सुरू झाल्या, तोंडाला पाणी सुटलं, की लगेच सांगा. 'अजून जरा सोसतो' म्हणणाऱ्याचा पुढचा तास खराब जातो.

कोणाला देऊ नये?

फिट येणाऱ्यांना, विशेषतः लखलखत्या प्रकाशाने येत असतील तर. चेहऱ्यावर किंवा डोक्यावर उघडी जखम असेल, डोळे आले असतील, तीव्र चक्करेचा आजार असेल, डोक्याला नुकताच मार लागला असेल, तर नाही. गोंधळलेल्या, वेळकाळाचं भान सुटलेल्या रुग्णाला तर नाहीच. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेलं दुसरं कोणतंही यंत्र असेल तर आधी त्या डॉक्टरांना विचारा, कारण काही हेडसेट आणि कंट्रोलरमध्ये चुंबक असतात. आणि ज्याला नको आहे त्यालाही देऊ नये. डोळे झाकले जाणं काहींना असुरक्षित वाटतं. त्यामागचं कारण सांगायची त्यांच्यावर सक्ती नाही.

एकाने वापरलेला हेडसेट दुसऱ्याला? स्वच्छतेचं काय?

विचारलंत ते बरं केलंत, नेहमी विचारा. फोमचा कापडी भाग रुग्णालयात चालत नाही, कारण तो घाम शोषतो आणि पुसून निघत नाही. पुसता येणारं आवरण हवं, त्यावर प्रत्येक रुग्णासाठी नवा कागदी मास्क, पट्टे आणि कंट्रोलर जंतुनाशकाने पुसलेले. लेन्सवर अल्कोहोल लावायचं नाही, थर उडतो. संसर्गामुळे वेगळ्या ठेवलेल्या रुग्णाचा हेडसेट त्याच खोलीत राहतो.

आमच्या रुग्णालयात सुरू करायचंय. काय लक्षात ठेवावं?

खरेदी हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. मी अशा एका ठिकाणी काम केलंय जिथे चार हेडसेट वर्षभर कपाटात पडून होते. ते कोणाचं काम, हेच ठरलेलं नव्हतं. एक हेडसेट तर खिडकीत लेन्स वर करून ठेवलेला सापडला. उन्हात लेन्स भिंगासारखं काम करते. पडद्यावर कायमचे पिवळे डाग पडले होते.

एका माणसाच्या नावावर जबाबदारी द्या आणि त्याच्या वेळापत्रकात त्यासाठी वेळ ठेवा. चार्जिंग संध्याकाळी, अपडेट रात्री. नाहीतर ड्रेसिंगच्या ऐन वेळी पडद्यावर टक्केवारी सरकत बसते आणि रुग्ण ताटकळतो. नेट गेलं तरी चालणारी दृश्यं आधीच उतरवून ठेवा. सुरुवात एकाच वॉर्डात, एकाच कामासाठी करा, आणि आधीचे-नंतरचे आकडे लिहून ठेवा. सिस्टरना पहिल्याच दिवशी स्वतः हेडसेट लावून बघू द्या. त्यांना पटलं तर ते टिकतं.

माझी माहिती कोणाकडे जाते?

हेडसेट तुमच्या डोक्याच्या आणि हातांच्या हालचाली सतत मोजतो, काही तर नजरही मोजतात. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी व्हीआर गेम खेळणाऱ्या पन्नास हजारांहून अधिक जणांच्या नोंदी तपासल्या. केवळ १०० सेकंदांच्या हालचालीवरून ९४ टक्के अचूकतेने माणूस ओळखता आला. चालीवरून माणूस ओळखावा तसंच हे. नाव काढून टाकलं म्हणजे माहिती निनावी झाली, हे इथे खरं नाही. नोंदी कुठे साठतात, किती दिवस राहतात, कंपनीला दिसतात का, हे लेखी विचारा. उत्तर मिळेपर्यंत थांबायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

याची सवय लागेल का?

आठवड्याला एक-दोन छोट्या सेशन्सनी असं झालेलं मी पाहिलेलं नाही. पण घरातल्या कटकटींपासून पळायला कोणी तासन् तास आत बसत असेल, तर डॉक्टरांशी बोला.

सोबत आलेल्या नातेवाइकांनी काय करावं?

शांत बसावं, आणि न सांगता हात लावू नये. तुम्ही मायेने खांद्यावर ठेवलेला हात आतल्या माणसाला कुठून आला ते कळत नाही आणि तो दचकतो. आधी नाव घ्या, मग हात लावा. 'काय दिसतंय, काय दिसतंय' असं विचारत राहू नका. नंतर विचारा. बहुतेकांना सांगायचं असतंच.

मध्येच नको वाटलं तर?

हात वर करा, किंवा 'थांबा' म्हणा, किंवा स्वतःच काढून टाका. सुरुवातीला मी प्रत्येकाला हेडसेट एकदा घालायला आणि स्वतःच्या हाताने काढायला लावते, मगच दृश्य सुरू करते. डोळे मिटले तरी चालतं, आतलं जग तेवढ्यानेही बंद होतं. काढल्यावर लगेच उठू नका. दोन्ही पाय जमिनीवर टेकवा, खोलीतल्या दोन-चार वस्तू नजरेने नीट पाहून घ्या, पाणी प्या. पाच मिनिटं बसा. गाडी चालवत आला असाल तर अर्धा तास थांबून मग निघा.